नुसतं ‘जा’ म्हणाले होते

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण मला खोटं पाडू नका.

गेल्या वर्षीची. रविवार, दुपारचे तीन वाजले असतील. समुद्राकाठच्या पक्षी अभयारण्यात आम्ही तिघं. मी, आमचे हे आणि माझी धाकटी बहीण.

धाकटीचा मला लहानपणापासून हेवा. खोटं कशाला बोलू? ती हसली की सगळे तिचेच. त्या दिवशीही दुर्बीण तिच्याच गळ्यात. घटकेत ऊन, घटकेत पाऊस. सर आली तर ह्यांनी स्वतःचा रेनकोट काढून तिला दिला. आणि मी, लग्नाची बायको, भिजतेय!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे छत्री आणायला गाडीकडे गेले. दलदलीवरच्या लाकडी पुलावर आम्ही दोघीच उरलो.

"ताई, टोकापर्यंत जाऊन येते गं."

"जा."

‘जाऊन ये’ म्हणतात आपल्यात. मी मुद्दाम नुसतं ‘जा’ म्हणाले.

ती जरा घुटमळली. मग गेली.

आणि धुकं उतरलं... पाच पावलांपलीकडचं दिसेना. पक्षी गप्प. लाटांचा आवाजही बंद...

मग फळ्यांवर पावलं वाजली. जवळ येऊन थांबली.

"ताई... येऊ का?"

"नाटकं पुरे झाली. ये!"

ती आली. झिमझिम चालूच होती. तिचा रेनकोट मात्र... कोरडा ठणठणीत.

हे छत्री घेऊन आले, तशी आमच्यासोबत गाडीकडे निघाली. गाडीत मागे माझ्याशेजारी बसली. माझा हात धरला. बोटं थंडगार.

गाडी निघाली, तेवढ्यात मागून... पुलावरून...

"ताई! अगं थांब ना! मी आले!"

रडताना माझ्या बहिणीचा आवाज अस्साच चिरकतो.

ह्यांना काहीच ऐकू आलं नाही. शेजारची हळूच म्हणाली, "वळू नकोस."

मी वळले नाही. ‘गाडी थांबवा’, एवढे दोन शब्द माझ्या तोंडातून फुटले नाहीत.

आता वर्ष झालं. आई म्हणते, धाकटी किती शहाणी झाली! हे म्हणतात, दोघींचं हल्ली छान जमतं.

जमतं खरं. त्या दिवसापासून मला तिचा हेवा वाटलेला नाही. एकदाही नाही.

माझ्या बहिणीचा वाटायचा.

हिचा वाटतच नाही...