समासातलं अक्षर

आमच्या शाळेच्या ग्रंथालयाचा एक नियम आहे. पुस्तकात कुणी पेन्सिलीने काही लिहिलं असेल, तर त्यावर शाळेचा शिक्का बसत नाही. आधी खोडायचं, मग शिक्का. ग्रंथालयाच्या बाईंना आम्ही शूबाई म्हणतो, कारण त्या श्वास सोडतानासुद्धा 'शू' करतात. त्यांचं म्हणणं, दुसऱ्याच्या खुणा असलेलं पुस्तक म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश.

त्या आठवड्यात कुणीतरी एक खोकं दारात ठेवून गेलं. आत सतरा पुस्तकं, सगळी बायकांनी लिहिलेली. मी तर नाचायचीच बाकी राहिले! वर्षभरापूर्वी वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा माझा आवाज फाटायचा. मग एका लेखिकेचं आत्मचरित्र हाती लागलं. ती स्वतःच्या रागाबद्दल इतकं सरळ लिहीत होती, की मला वाटलं, अरे, हे असं बोलता येतं? तेव्हापासून मी सुटलेच. सोमवारी अख्ख्या शाळेसमोर मी बायकांच्या लिखाणावर दहा मिनिटं बोलणार होते. नाव मी स्वतःहून दिलं होतं.

"वकिलीणबाई, आधी ताट उचला, मग क्रांती करा," आई म्हणायची.

आई दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर बसते. तिथे मोठमोठे डॉक्टर तिला टरकून असतात. तिच्या जिभेला धार आहे, असं बाबा म्हणतात. मी म्हणायचे, घरात निदान एकीच्या तरी आहे.

नवीन पुस्तकं सगळ्यांच्या आधी वाचायला मिळावीत म्हणून खोडायचं काम मी मागून घेतलं. त्याची रीत असते. पान डाव्या हाताने ताणून धरायचं, रबर शिवणीकडून कडेला न्यायचा, चुरा ब्रशने झाडायचा. सोळा पुस्तकं कोरी होती. सतरावं एका शिंपीण लेखिकेचं होतं. नवऱ्याने कागद फाडायला सुरुवात केल्यावर ती कपड्यांच्या अस्तरांवर लिहायची, ते टाचून झालेलं हे पुस्तक. त्याच्या समासात बारीक पेन्सिलीने एकतीस नोंदी होत्या. मी मोजल्या.

चौदाव्या पानावर, कागद फाडल्याच्या प्रसंगाशेजारी: 'फाडू देत. मला पाठ आहे.'

सव्विसाव्या पानावर: 'नाही म्हटल्यावर कारण द्यायचं नसतं.'

भारीच बाई आहे ही, असं मनात म्हणून मी दोन्ही खोडल्या. बुधवारी दहा नोंदी झाल्या.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "रविवारी ऑफिसातली सहा माणसं जेवायला येतायत. बघ जरा."

आईची रविवारी सुट्टी असते, आठवड्यातली एकच. आता बाबांची कशी हजेरी घेतली जाते ते ऐकायला मी वहीतून डोकं वर काढलं. आईने तोंड उघडलं. तसंच उघडं ठेवलं. एखादी वस्तू नेहमीच्या खणात नसली की आपण थांबतो, तशी ती थांबली.

"बरं," ती म्हणाली.

दमली असेल, असं मला वाटलं.

गुरुवारी मी आणखी दहा नोंदी खोडल्या. संध्याकाळी आईने कुणालाच टोमणा मारला नाही. वरच्या काकूंनी तिसऱ्यांदा आमची शिडी मागितली, तेव्हा ती हसली. फक्त हसली. हसताना तिचे डोळे काकूंच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे होते.

शुक्रवारी मला ते अक्षर ओळखू आलं.

'र'ची शेपटी खाली न जाता उजवीकडे वळलेली. फ्रिजवरच्या यादीत रोज बघते मी ती. मी पहिलं पान उघडलं. पुस्तक दोनच वर्षांपूर्वी छापलेलं. आईला पुस्तक हातात घेऊन बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. तिला वाचायला आवडतं का, हे मी कधी विचारलंही नव्हतं. जगातल्या सगळ्या बायकांबद्दल वाचून झालं होतं माझं.

अक्षरं सारखी असतात माणसांची, मी स्वतःला समजावलं आणि रबर चालवत राहिले. शेवटची नोंद एकशे बाराव्या पानावर होती.

'वकिलीणबाई, हे मोठ्यानं वाच.'

मी वाचलं नाही. घाबरून मी ती ओळ घासत सुटले, कागदाचा भुगा निघेपर्यंत. शूबाईंनी मागून हात पुढे केला आणि पुस्तकावर शिक्का मारला.

"छान," त्या म्हणाल्या. "आता कसं कोरं दिसतंय."

घरी आईने दार उघडलं. अर्धवटच. दवाखान्याच्या खिडकीवरच्या आवाजात, अगदी अदबीने तिने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

"आई, मी आहे."

"हो का. बसा ना. नंबर आला की सांगते."

बाबा आतून हसले. "बघ, किती गोड बोलायला लागलीय तुझी आई. घरात कसं शांत वाटतंय."

मी त्यांना सगळं सांगितलं. "वाच अजून ती पुस्तकं," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी भाषणासाठी म्हणून मी ते पुस्तक घरी आणलं. शूबाईंनी दोनदा बजावलं, एकही रेघ उमटता कामा नये. बाबा बाहेर गेले होते. आई कामावर गेलीच नव्हती; खुर्चीत ताठ बसली होती, हात मांडीवर ठेवून, समोर काच असल्यासारखी. मी पुस्तक उन्हात तिरकं धरलं. पेन्सिल दाबून चालवली की कागदावर वण राहतात. ते दिसले. मी ते एकेक करून गिरवू लागले.

चौदावं पान पूर्ण झालं, तशी माझ्या पाठीमागून आई म्हणाली, "फाडू देत. मला पाठ आहे."

मी वळले नाही.

सव्विसावं.

"नाही म्हटल्यावर कारण द्यायचं नसतं."

आवाज तिचाच होता. पण ती कुणाशीच बोलत नव्हती.

दुपारपर्यंत पंचवीस झाल्या. एकशे बाराव्या पानावर वण नव्हता, तिथे मी कागदच सोलला होता. पण ती ओळ मला पाठ होती. ती लिहिली आणि वळून बघितलं. आई माझ्याकडे बघत होती. "वकिलीणबाई," ती म्हणाली, आणि मी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडले.

"हे मोठ्यानं वाच," ती माझ्या केसांत म्हणाली.

"वाचते, आई. काय वाचू?"

"हे मोठ्यानं वाच," ती पुन्हा म्हणाली, त्याच सुरात.

पाच नोंदी राहिल्या होत्या. त्यांचे वण नव्हते, आणि मला त्या आठवेनात. मी त्या खोडण्यापुरत्याच वाचल्या होत्या. तिने काय लिहिलं असेल? मी खूप विचार केला. आईला काय म्हणायचं असेल, हा विचार मी पहिल्यांदाच करत होते, आणि मला काही म्हणजे काही सुचेना.

शेवटी मी मनाने लिहायला घेतलं. साठाव्या पानाच्या समासात लिहिलं, 'मी दमलेय'. वाचून मलाच कसंतरी झालं. त्या शब्दांवर आडवी काट मारली आणि पुढे लिहिलं, 'मी मजेत आहे'.

संध्याकाळी बाबा आले. बूट काढताना त्यांनी विचारलं, "काय गं, कशी आहेस?"

"मी दमलेय," आई म्हणाली.

मग तिच्या ओठांवरून काहीतरी आडवं गेल्यासारखी ती थांबली.

"मी मजेत आहे."