कावळ्यालाही मनाई

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण हे घडलंय. आणि भर दिवसा घडलंय.

पडकं घर नाही, अमावस्या नाही. गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट, बर्मिंगहॅमबाहेरच्या एका गावातली. जिने डोळ्यांनी पाहिलं ती मीनाक्षीमामी आजही जेवताना ताटावर हात आडवा धरून बसते.

तिचे यजमान रघुवीर, तिथल्या कौन्सिलचे काउन्सिलर. लोकांनी निवडून दिलं ते कचऱ्याचे डबे वेळेवर उचलायला. स्वारीला वाटलं, राज्याभिषेकच झाला! आणि पराक्रम कोणता? पार्कात पक्ष्यांना खायला घालायला बंदी. तळ्याकाठच्या त्या पाटीसमोर उभं राहून यांनी फोटो काढून घेतला होता.

आईबाप गेल्यावर अनय आणि अक्षरा ही भाचरं याच घरात वाढली. पुढे मामांनी गावातली लायब्ररी बंद केली, तेव्हा अनय पोस्टर घेऊन कौन्सिलच्या दारात बसला. मामांनी त्याला घराबाहेर काढलं. पुन्हा नाव घ्यायचं नाही, म्हणाले.

आणि मग एका सकाळी सायकलवरून पडून अनय गेला.

इथे दहनाची तारीखसुद्धा उशिरा मिळते, म्हणून दहावा दहनापासून मोजला. अनयच्या आवडत्या तळ्याकाठीच पिंड ठेवायचे, असं अक्षराने ठरवलं.

"पार्कात नाही," मामा म्हणाले. "ऑर्डर आहे."

"मामा, माझा भाऊ आहे तो."

"कायद्याला भाऊ नसतो."

"मी शाळेत ग्रीक ट्रॅजेडी शिकवते ना, त्यात पण असा एक मामा आहे. भाचीला भावाचा फ्युनरल करू देत नाही. त्याला वाटते, तोच स्टेट आहे."

"मग?"

"मग त्याचा घर रिकामा होतो."

मामा खो खो हसले. गाढवापुढे वाचली गीता!

दहाव्याच्या पहाटे उठून पिंडांचा भात मात्र मामीनेच शिजवला.

तळ्यावर एरवी कावळ्यांचा नुसता कलकलाट.

त्या दिवशी... एकही नाही.

वेम्बलीहून आलेल्या गुरुजींनी पिंड मांडले. अक्षरा हात जोडून म्हणाली, "अनय, मी ठीक राहीन. लायब्ररीसाठी मी फाइट करेन. तू जा."

एक कावळा उतरला. पिंडांजवळ आला. शिवेना. मान वळवून तो गेटकडे बघत राहिला.

गेटमधून मामा येत होते. सोबत पिवळं जाकीट घातलेला वॉर्डन.

कावळा शिवत नाही म्हणून गुरुजी दर्भाचा कावळा वळायला बसले होते. शेवटी तोच टेकवायचा, म्हणजे जीव सुटतो. "काउन्सिलर, पाच मिनिटं थांबलो तर?" वॉर्डन पुटपुटला. त्या परक्या माणसाला लाज होती.

मामांनी स्वतःच्या हाताने पिंड उचलले आणि काळ्या पिशवीत टाकले.

"आता तो कुठे जाणार, मामा?" अक्षराने विचारलं.

दुपारी मामीने ताट वाढलं. थंडी होती, खिडक्या बंद होत्या. मामा हात धुवायला गेले.

टक्...

टक्... टक्...

मामी स्वयंपाकघरातून धावत आली. खोलीत कुणी नाही. ताटातली भाताची मूद मधोमध फुटलेली. टेबलावर चार शितं.

"तूच उष्टावलंस!" मामा ओरडले.

तिने दुसरं ताट वाढलं आणि समोरच उभी राहिली. मामाही बघत होते.

टक्...

त्यांच्या डोळ्यांदेखत भातात चोचीएवढं भोक पडलं.

तिथून पुढे रोज तेच. मामा बाहेर खायला लागले, तर सँडविचचा कोपरा टोचलेला. तरी गडी मीटिंगमध्ये म्हणतो कसा, पार्कात अजून दोन पाट्या लावा! सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

मामीने गुरुजींना फोन केला. "पिंडाला शिवला नाही, आणि यांच्या ताटाला रोज शिवतो. याचा अर्थ काय?"

"जिवंत माणसाच्या ताटाला कावळा असा शिवत नाही, वहिनी," गुरुजी म्हणाले. "तुम्ही त्या घरात राहू नका."

त्याच दिवशी मामी बॅग भरून अक्षराच्या फ्लॅटवर आली. घर खरंच रिकामं झालं.

परवा दुपारी मामांचा फोन आला. मामीने स्पीकरवर टाकला. आवाज त्यांचाच, पण फार लांबून आल्यासारखा.

"मीनाक्षी, घरी ये गं... भूक लागलीये. कितीही खाल्लं तरी भूक लागते."

"अहो, तुम्ही बरे आहात ना?"

पलीकडून नुसतं...

टक्... टक्...

मामीने फोन ठेवला. अक्षरा म्हणते, जाऊन बघू या. मामीने अजून चपला घातलेल्या नाहीत.