न शिकवलेल्या गोगलगायी

डोळे मिटा आणि एक काचेची टाकी समोर आणा. आत शेवाळ चरणाऱ्या तपकिरी, लिबलिबीत गोगलगायी. पाठीवर शंख नाही, डोक्यावर सशासारखे दोन कान. जपानात त्यांना अमेफुराशी म्हणतात. डिवचलं की पाण्यात जांभळी शाई सोडतात. दिसल्या? मग शेजारी स्टुलावर बसलेली कोनात्सुही दिसेल.

शाळा सुटली की कोनात्सु आईच्या प्रयोगशाळेत येई. खिडकीखाली खडक, पुढे छोटंसं आखात. तिची आई मिझुए मऊ ब्रशाने गोगलगायीच्या पाठीवरच्या, पाणी सोडायच्या नळीला हलकेच स्पर्श करी. गोगलगाय श्वास घ्यायचा कल्ला क्षणभर मिटे आणि पुन्हा उघडे. शेपटीला विजेचे बारीक झटके दिलेली मात्र पुढे कित्येक दिवस नुसत्या ब्रशानेही कल्ला घट्ट मिटून बसे.

"म्हणजे तिला आठवतं?"

"हो. दोन चेतापेशी जवळजवळ टेकतात ना, त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. धडा एकदा गिरवला, की तिथून निरोप थोडा वेळ जोरात जातो. पुन्हा पुन्हा गिरवला, की पेशी अशा नव्या जागा बांधते. ती टिकाऊ आठवण."

"आणि गोगलगाय मेली की?"

"जागाच मोडल्या. आठवण राहणार कुठे?"

त्या सोमवारी प्रयोगशाळेला गोगलगायी पुरवणाऱ्या तात्सुगोरोकाकांनी होडीतून ताज्या गोगलगायी आणल्या. न शिकवलेल्या, तुलनेसाठी. मिझुएने पहिलीला ब्रश लावला. ती मिटली आणि मिटूनच राहिली. दुसरीही. मग सगळ्याच.

मिझुएने ब्रश खाली ठेवला. "कोनात्सु, झटक्याच्या तारांशी खेळलीस?"

"नाही गं आई."

"खरं सांग. नाहीतर उद्यापासून शाळा सुटली की मावशीकडे जायचं."

कोनात्सुचे डोळे भरले. दारात बादली विसळणारे काका म्हणाले, "अहो डॉक्टरबाई, आत्ता तर उतरवल्या! पोरीने काय समुद्रात बुडी मारून शिकवणी घेतली?"

मिझुए हसली नाही. "तू लाव बघू," तिने ब्रश लेकीच्या हाती दिला.

कोनात्सुने लावला. गोगलगायीने कल्ला क्षणभर मिटला, उघडला आणि ती चरू लागली. दुसरीही तशीच.

मिझुएने ब्रश परत घेतला. तिचा हात पाण्यात शिरण्याआधीच सगळी टाकी आक्रसली.

"तुझं खरं होतं, बाळा," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्मृतिशिलेचा दिवस होता. प्रयोगात गेलेल्या जिवांसाठी प्रयोगशाळेतले सगळे वर्षातून एकदा खडकावरच्या शिलेपुढे जमत, उदबत्ती लावत, आभार मानून वाकत. मिझुएने त्यात स्वतःची एक भर घातली होती. जिथून आली तिथेच जावी, म्हणून प्रत्येक मेलेली गोगलगाय ती शिलेमागच्या पाण्यात सोडी.

मंडळी पांगली. ओहोटी होती. उदबत्तीची राख झटकून मिझुए हात धुवायला वाकली.

तिने बोटं बुडवली.

समोरच्या खडकांवरचं तपकिरी शेवाळ एकदम आक्रसलं.

ते शेवाळ नव्हतं.

मग पाणी जांभळं होऊ लागलं. तिच्या बोटांपासून नव्हे. आखाताच्या पार पलीकडच्या टोकापासून, इकडे.

कोनात्सुने आईचा हात पाण्यातून बाहेर काढला. आपल्या रुमालाने एकेक बोट कोरडं केलं. मग ती आई आणि समुद्र यांच्या मधे जाऊन उभी राहिली.