सैल केलेला करदोडा

करदोड्याची गाठ नखभर सरकलेली दिसली, तेव्हा वाटलं, माझाच हात लागला असेल.

माझं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं. बारशाच्या आदल्या दिवशी. टेंभुर्णीच्या या घरात त्याचं एवढंच उरलंय, कमरेचा काळा दोरा. पुरायच्या आधी सासूबाईंनी तो पायांवरून अलगद उतरवला आणि माझ्या मुठीत दिला.

"ठेव. पण गाठीला हात लावू नको, प्रीती."

मी लावला. शेजारच्या कौसल्याचा मुलगा माझ्या बाळाच्याच आठवड्यातला. पंधरा दिवसांमागं ती त्याचा करदोडा सैल करत होती. "घट्ट व्हायलाय बग वैनी, गुलाम नुसता फुगायलाय!" म्हणाली, आणि माझ्याकडं बघून जीभ चावली. घरी येऊन मीही दोन बोटं सैल केला. आईनं करायचं असतं, म्हणून. दुसरं काही नाही.

तेव्हापासून तो रोज आपोआप सैल होतोय.

आज दुपारी लाईट गेली, पंखा थांबला आणि खोलीत ओव्याच्या धुरीचा वास आला. बाळाला शेकताना यायचा तसाच. शेगडी तर कधीच माळ्यावर टाकलीये. मी करदोडा ठेवलेली डबी उघडली. गाठीपुढं गव्हाच्या दाण्याएवढा दोरा राहिला होता. अजून जरा सरकली की गाठ सुटणार, मंग त्याच्या कमरेचा गोल जाणार, नुसता दोरा राहणार. मी गाठ चिमटीत घट्ट धरली.

दोरा आतून फुगला. सैल पडला. परत फुगला... झोपलेल्या लेकराचं पोट हलतं तसा.

सासूबाई शेतात. "कौसल्या... अगं कौसल्या..." पलीकडून कुणी आलं नाही. डाव्या हातानं बाळाच्या वडलांना, नागसेनना फोन लावला. ते अंबडला शिक्षक, राहतात तिथंच. बाळाला माती दिल्यापासून त्याच्याबद्दल एक शब्द त्यांनी काढलेला नाही. रिंग वाजून वाजून बंद झाली. परत लावला. बोटं बधिर झालेली, घामानं दोरा निसटून राह्यला होता. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा...

उचलला.

"अहो, जल्दी या... गाठ सुटायलीय... मला धरवत न्हाई..."

"हळू बोल ना, प्रीती," ते कुजबुजले. "आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."