मौनखूण

चरित्रकार जिना चढून आले तेव्हा भाऊजी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मेहुणा खिडकीपाशी उभा राहून आपल्या कोटाच्या लोंबत्या बटणाकडे खिन्नपणे बघत होता. बटण शिवून दे म्हणून त्याने बहिणीला, म्हणजे भाऊजींच्या बायकोला, खूप विनवलं होतं. "तुला हात नाहीत का?" यापलीकडे उत्तर मिळालं नव्हतं.

भाऊजींचा धंदा खासगी तपासाचा. मेहुणा त्यांची गाडी चालवायचा आणि समोर येईल तो माणूस चोर आहे असं ठरवून मोकळा व्हायचा. सध्या दोघंही थकले होते. पळून गेलेल्या नवऱ्यांचा हंगाम चालू होता आणि शोधून काढलेला एकही नवरा सापडल्याबद्दल खूश झाला नव्हता.

"मी चोर नाही," चरित्रकार म्हणाले आणि मग बसले.

मेहुण्याने लगेच ठरवलं, हाच चोर.

चरित्रकार म्हातारे होते. जाड भिंगांचा चष्मा आणि थरथरते हात. त्यांचं अर्धं आयुष्य एकाच माणसाचं चरित्र लिहिण्यात गेलं होतं. तो माणूस म्हणजे त्यांच्या पंथाचे संस्थापक, ज्यांना सगळे नुसतं 'थोरले' म्हणत. थोरले तरुणपणी घरातून नाहीसे झाले आणि दाढी पिकायला लागल्यावर अंगात एक करडा अंगरखा घालून डोंगराच्या वाटेने परत आले. मधल्या वर्षांत ते कुठे होते, काय करत होते, कुणालाच माहीत नव्हतं.

"कुणी विचारलं नाही का त्यांना?" मेहुण्याने विचारलं.

"सगळ्यांनी विचारलं. ते फक्त असं करायचे." चरित्रकारांनी चिमटीने ओठांवरून काहीतरी ओढून घेतल्यासारखं केलं आणि हात छातीच्या डाव्या बाजूला टेकवला. "हीच आमची मौनखूण. ओठांवरचे शब्द काढून हृदयात ठेवायचे. प्रार्थनेआधी आम्ही सगळे ती करतो. थोरले ती वर्षं गुहेत, एका माणसाचंही तोंड न बघता राहिले, अशी पंथाची श्रद्धा आहे. अंगरखाही त्यांनी तिथेच, काट्याची सुई करून शिवला म्हणतात."

"आणि चोरी त्या अंगरख्याची झाली," भाऊजी डोळे न उघडता म्हणाले.

"त्याच्या एका तुकड्याची. मी परवा धाकट्यांना विनंती केली की कॉलरच्या आतून, कुणाला दिसणार नाही असा, बोटभर तुकडा तपासणीला पाठवू. कापडावरून मुलुख कळेल. धाकटे म्हणजे थोरल्यांचे पुतणे, थोरले वारल्यापासून तेच सगळं बघतात. विचार करू म्हणाले. काल सकाळी त्यांनी कॉलर उलटून बघितली तर आतला तुकडा गायब. मग चोर कोण? तर मी."

"हे बोलणं झालं तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?"

"कुणी नाही. घरकाम करणारी मावशी पाणी घेऊन आली होती, तेवढीच."

"आणि त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"माझ्या खोलीत, लिहीत. मावशीलाच विचारा. करडा दोरा आणि सुई घेऊन आली होती, ओवून द्या म्हणाली. माझी तरी नजर कुठे धड आहे? पण दिली कशीबशी ओवून." त्यांनी चष्मा पुसला. "आज संध्याकाळच्या सभेत धाकटे माझं नाव घेऊन मला बाहेर काढणार आहेत. या वयात मी चोर म्हणून कुठे जाऊ? आणि ते एक प्रकरण अजून कोरं आहे हो. ते लिहिल्याशिवाय मरायचं नाही, एवढीच इच्छा होती."

भाऊजींनी डोळे उघडले आणि एक लांब सुस्कारा टाकून कोट उचलला.

पंथाचं घर शहराबाहेर, चढावर होतं. धाकटे दारात भेटले. उंच, वाकलेले, कंबरेवर हात ठेवून उभे राहणारे गृहस्थ. मेहुण्याने मत बदललं. चोर हाच.

"मला यात काडीचाही आनंद नाही," धाकटे म्हणाले. "पण सभेत लोक विचारणार. कपाटाची किल्ली कचेरीत खिळ्याला असते. या घरात आम्ही तिघंच राहतो. मी चोरी केली नाही. मावशीचं तर नावच नको, तिला मोतीबिंदू आहे, सुईचं नाकसुद्धा दिसत नाही. मग उरलं कोण?"

अंगरखा काचेच्या कपाटात लाकडी खांद्यांवर चढवलेला होता. भाऊजींनी कॉलर हळूच उलटली. आतून एक चौकोनी तुकडा काढलेला होता आणि मोकळी झालेली कड करड्या दोऱ्याच्या लांब कच्च्या टाक्यांनी बसवलेली होती.

"कात्री लागलेली नाही," भाऊजी म्हणाले. "टाका टाका उसवून काढलाय. आणि वर पुन्हा टाके घातलेत, कॉलर लोळू नये म्हणून. मोठा काळजीवाहू चोर." त्यांनी भिंग लावलं. कडेला दोनचार पिवळे धागे अडकून राहिले होते. मग ते बराच वेळ खांद्याकडे बघत राहिले. "बाही काय सुरेख बसवलीय. एक सुरकुती नाही. काट्याने शिवलं म्हणता?"

"श्रद्धा आहे," धाकटे कोरडेपणाने म्हणाले.

कपाटाशेजारी थोरल्यांचं जुनं छायाचित्र होतं. ओठ घट्ट मिटलेले, हात छातीच्या डाव्या बाजूला. भाऊजी त्याच्यापुढेही रेंगाळले.

"बघितलंत, मेहुणे? हात टेकलेला नाही. बोटांनी कापडाची चुणी धरलीय."

"खाज सुटली असेल," मेहुणा म्हणाला. त्याला भूक लागली होती.

मावशी मागच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. वाळकी, ताठ बाई, डोळ्यांवर दुधासारखी साय. थोरले परत आल्यावर थोड्याच दिवसांत ती कामाला आली आणि तिथेच राहिली, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. मेहुणा जवळ जाताच तिचा हात त्याच्या कोटावर गेला.

"हे काय? काढ तो कोट. लोंबतं बटण मला सहन होत नाही."

मेहुण्याला स्वर्ग दोन बोटं उरला. सुई मात्र त्यालाच ओवून द्यावी लागली. बटणाने ओढून खालचं कापड फाटलं होतं, म्हणून तिने आतून लावायला एक चिंधी शोधली आणि टाचण्या ओठांत धरल्या. भाऊजी शेजारी बसून विचारत होते. प्रत्येक प्रश्नाला ती आधी ओठांतल्या टाचण्या काढून आपल्या कपड्यावर खोचायची आणि मग बोलायची, त्यामुळे साध्याशा चौकशीला फार वेळ लागला आणि मेहुण्याला जांभया आल्या.

"तुकडा कुणी घेतला असेल, मावशी?"

टाचण्या निघाल्या. "मी काय सांगणार?"

"चरित्रकारांनी?"

पुन्हा टाचण्या. "ते चांगले आहेत. त्यांना उगाच छळू नका."

"ही चिंधी कशाला लावता?"

"आतून तुकडा असला की वरचं कापड दम धरतं," ती म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला. टाके बघून मेहुणा हरखला. अख्ख्या कोटात तेवढं एक बटण आता नव्यासारखं दिसत होतं.

दुपारची प्रार्थना मोठ्या खोलीत झाली. बाहेरून आलेली माणसं, धाकटे, चरित्रकार, सगळ्यांचे हात ओठांवरून छातीकडे गेले. मेहुण्यानेही भिडेखातर केलं. मावशी पाण्याचं भांडं धरून दारात उभी होती. तिचा दुसरा हात रिकामा होता, पण तो हलला नाही.

"पक्कं झालं," मेहुणा बाहेर येऊन कुजबुजला. "धाकट्यांनीच तुकडा लपवला आणि म्हाताऱ्यावर ढकललं. तपासणीत गुहा खोटी ठरली तर यांचं दुकान बंद."

"मेहुणे, त्यांना भीती असती तर त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं. सगळ्यांना बोलवा. आणि बोलावताना जरा हळू बोला, माझं डोकं दुखतंय."

अंगरख्याच्या खोलीत पाचजण जमले. भाऊजी उभे राहिले नाहीत. स्टुलावर बसून, जणू परत घरी जायचा रस्ता सांगावा तसे, सावकाश बोलायला लागले.

"तपासणीसाठी तुकडा हवा असलेला माणूस कात्रीने कोपरा कापतो आणि पळतो. तो टाके उसवत बसत नाही. चरित्रकारांच्या हातांना तर ते जमणारच नाही. हा तुकडा काढणाऱ्याला तो अख्खा हवा होता, आणि अंगरख्यालाही इजा नको होती. कॉलर लोळलेली ज्याला बघवत नाही, अशा माणसाचं हे काम. लोंबतं बटण ज्याला सहन होत नाही, अशा."

मेहुण्याचा हात आपोआप बटणावर गेला.

"कॉलरच्या आतून कापायचं बोलणं झालं तेव्हा पाणी घेऊन कोण आलं होतं? त्याच संध्याकाळी करडा दोरा कोणी ओवून घेतला? चरित्रकार, ज्या सुईने तुम्ही चोर ठरलात ती तुम्हीच ओवून दिलीत."

"पण तिला दिसत नाही," धाकटे म्हणाले.

"ओवायला डोळे लागतात. शिवायला तिला लागत नाहीत. आमच्या मेहुण्यांचं बटण बघा."

चरित्रकारांनी मावशीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही.

"चोर सापडला, पण कारण सापडेना," भाऊजी म्हणाले. "म्हणून मी त्या खुणेचा विचार करत राहिलो. इथे येणारा प्रत्येकजण ती करतो. मावशी प्रार्थनेत करत नाही. पण दुपारी बटण शिवताना तिने ती कितीतरी वेळा केली. ओठांतून चिमटीने काढायचं, डाव्या बाजूला कापडाची चुणी धरून खोचायचं आणि मग बोलायचं. छायाचित्रात थोरल्यांनीही चुणीच धरलीय. टाचणी खोचायला धरतात तशी."

मेहुण्याला कळायला सगळ्यांपेक्षा थोडा जास्त वेळ लागला.

"तो अंगरखा काट्याने शिवलेला नाही," भाऊजी म्हणाले. "ती बाही हात बसलेल्या कारागिराची आहे. थोरले गुहेत नव्हते. ते कुठल्यातरी गावात शिवणकाम करत होते. तोंडात टाचण्या धरून बसणाऱ्याला कुणी काही विचारलं की त्याचा हात आधी ओठांकडे जातो. तीच सवय तुम्ही डोक्यावर घेतलीत."

धाकटे एक पाऊल पुढे आले. "शिंपी? थोरले? पुरावा काय याला?"

"मी आहे ना," मावशी म्हणाली.

तिने कपड्याच्या आतून एक मऊ, विटका, पिवळ्या फुलांचा तुकडा काढला आणि तळहातावर पसरला.

"आमच्या मुलीच्या फ्रॉकचा आहे. तापाने गेली ती. त्यानंतर त्याने हा अंगरखा शिवला आणि हा तुकडा आतून लावला. मग एक दिवस तोच घालून निघाला. मला वाटलं, दोरा आणायला गेला." तिने तुकडा पुन्हा सरळ केला. "काही महिन्यांनी कानावर आलं की कुणी मोठा माणूस डोंगराच्या वाटेने आलाय आणि बोलायच्या आधी असं असं करतो. ते ऐकलं आणि मी ओळखलं. आले इथे."

"त्यांनी तुम्हाला ओळखलं?" चरित्रकारांनी विचारलं.

"ओळखलं की. हात गेला छातीकडे. टाचण्या तर नव्हत्याच, आणि बोलायलाही काही नव्हतं. मीच म्हटलं, राहू दे, काम असेल तर सांग." ती धाकट्यांकडे वळली. "हे कापणार म्हणालात. तिचं एवढंच उरलंय. तुमचं काही घेतलं नाही मी."

मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलं नाही. धाकटे भिंतीला टेकून उभे होते, कंबरेवर हात ठेवायचंही विसरून. एकदम फार म्हातारे दिसायला लागले होते.

"संध्याकाळी मी लोकांना काय सांगू?" अखेर त्यांनी विचारलं.

"तुकडा जागेवर असेल तर काही हरवलेलं नाही. मग चोरही कुणी नाही," भाऊजी म्हणाले. "एवढं नक्की सांगता येईल. बाकीचं ज्याचं आहे त्याने ठरवावं."

सगळ्यांच्या नजरा चरित्रकारांकडे गेल्या. अर्धं आयुष्य शोधलेली ती वर्षं त्यांच्यासमोर एका तळहातावर पसरलेली होती. त्यांनी त्या पिवळ्या फुलांकडे बघितलं आणि मग मावशीकडे.

"मी लावते परत," ती त्यांना म्हणाली. "पण मग कुणी कापायचं नाही."

"नाही कापणार. आणि लिहिणारही नाही," चरित्रकार म्हणाले. "ते प्रकरण कोरंच बरं." हे म्हणणं त्यांना फार जड गेलं, ते सगळ्यांना दिसलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि हात पुढे केला. "द्या सुई. ओवून देतो."

या वेळी त्यांना खूप वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

मावशीने अंगरखा मांडीवर घेतला, टाचण्या ओठांत धरल्या आणि बोटांनी चाचपत तुकडा जुन्या जागी बसवायला घेतला. चरित्रकार समोर जमिनीवर बसले होते.

"एकच विचारू?" ते म्हणाले. "लिहायला नाही, माझ्यासाठी. त्या वर्षांत ते सुखी होते का?"

मावशी थांबली. तिने एकेक टाचणी ओठांतून काढली आणि डाव्या बाजूला कापडाची चुणी धरून खोचली.

"शिवताना गुणगुणायचा," ती म्हणाली. "ती गेल्यावर नाही."

धाकट्यांचा हात सवयीने ओठांकडे गेला आणि तिथेच, अर्ध्यावर थांबला.