पेटूराव एकटाच वाजवतोय!

"अगं थांब! हॉलला कुलूप आहे, मग आत पेटी कोण वाजवतंय?" सान्वीने दर्शनाचा दंड घट्ट धरला.

डोंबिवलीच्या उन्हाळी संगीत शिबिरात डबे नुकतेच खाऊन झालेले. दर्शना, सान्वी आणि सम्यक खिडकीच्या गजांना नाक लावून उभे राहिले. आत पेटूराव होता! म्हणजे खऱ्या पेटीवर यांत्रिक बोटं फिरवणारं शिबिराचं मशीन. समोर चिटपाखरू नाही, तरी पट्ट्या खाली जात होत्या.

"भूत!" सम्यक कुजबुजला.

"गप रे! भुताला पेटी येते का?" सान्वी म्हणाली, पण तिच्याही अंगावर काटा आला.

दर्शना कान देऊन ऐकत होती. पेटूराव स्वतःहून कधीच सुरू होत नसे. हॉलच्या कोपऱ्यातल्या आवाजबंद खोलीत दौलतकाका ढोलकी वाजवत. तिथल्या माइकमधून पेटूराव ती ऐकायचा आणि काकांच्या लयीत साथ द्यायचा. ते सावकाश, तर तोही सावकाश.

आणि आता सूर फार लांब लांब पडत होते.

"काका आत आहेत! थकत चाललेत!" ती ओरडली.

"छे, ते कोपरला घरी गेले ना जेवायला?" सम्यक म्हणाला.

"अनवाणी?" दर्शनाने बोट दाखवलं. खोलीच्या दाराशी काकांच्या चपला होत्या. दाराला बाहेरून कडी! आणि बाहेरच्या स्टुलावर त्यांचा दम्याचा पंप!

तिघं ऑफिसात धावले. शिबिर चालवणारे विनीतसर फोनमध्ये गुंग होते.

"सर, किल्ली द्या! काका कोंडलेत!"

"कोणी कोंडलं नाहीये. खोलीचा पंखा बाहेरूनच बंद करून मीच कडी लावली. संध्याकाळी ठाण्यात कार्यक्रम आहे, मशीनजवळ फिरकायचं नाही!"

हॉलमधून एक सूर आला. मग बराच वेळ काहीच नाही.

दर्शना पुढे झाली. "बरं सर. पेटूरावच्या वायरीतून धूर येतोय, तेवढंच सांगायला आलेलो."

"काय? धूर?" सर किल्ली घेऊन सुसाट धावले!

कुलूप निघताच दर्शनाने त्यांच्या बगलेखालून आत उडी मारली आणि खोलीची कडी ओढली. काका भिंतीला टेकून बसले होते. ओठ निळसर, एक हात ढोलकीवर. सान्वीने पंप त्यांच्या तोंडाशी धरला. एकदा. पुन्हा एकदा. सम्यक तोवर डॉक्टरांना आणायला पळालासुद्धा.

हळूहळू त्यांचा श्वास सुरळीत झाला.

"ओरडून ओरडून घसा बसला," काका पुटपुटले. "मग म्हटलं, पेटूरावला तरी ऐकू जातंय. शाब्बास पोरींनो! लय ऐकलीत तुम्ही."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आत डोकावलोच नाही मी… दर्शना, थाप मारलीस ना?"

"हो सर."

"फार बरं केलंस, बाळा." त्यांनी पाना मागवला आणि दाराची कडी स्वतःच्या हाताने उखडून टाकली.

डॉक्टर तपासून गेल्यावर काकांनी ढोलकीवर बोटं टेकवली. थाप! बाहेर पेटूरावने लगेच साथ धरली. या वेळी चांगलीच जलद!