दादाच्या गाठीचे उंदीर

ही रचलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या भावाची आहे, आणि सख्ख्या भावाच्या मरणावर गोष्टी रचण्याइतका मी पोचलेला नाही.

घडलं याच हिवाळ्यात. भर दुपारी.

पण जागा अशी, की तिथे दुपारीच रात्र असते.

मी एका हॉस्पिटलच्या मागच्या संशोधन इमारतीत, उंदरांच्या खोलीत काम करतो. उंदीर रात्री जागे, आणि संशोधन करणारी माणसं दिवसा. म्हणून आमच्याकडे घड्याळच फिरवलंय. रात्री दिवे चालू, दिवसा बंद. दिवसा फक्त एक लाल दिवा, कारण तो उजेड उंदरांना जाणवत नाही. त्या लाल अंधारात मी पिंजरे साफ करतो.

घाणेरडं काम आहे. मुताचा उग्र वास नाकात बसला की जेवणाच्या ताटापर्यंत सोबत येतो. त्यातून आमचे उंदीर बिनकेसांचे. गुलाबी, सुरकुतलेले, हाताला कोमट लागणारे. त्यांच्या कातडीखाली माणसाच्या कॅन्सरचा तुकडा घालतात. त्यांचं शरीर त्याला झिडकारत नाही, म्हणून कुशीवर गाठ धरते. कधी ती फुटते, चिघळते आणि शेजारचा उंदीर ती चाटत बसतो. एखादा मेला तर बाकीचे त्याला खाऊन मोकळे होतात. लोक म्हणतात सवय होते. मला झाली नाही.

आणि मग दादाला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला.

त्याच्या गाठीचा तुकडा आमच्याच खोलीत आला. मॅडम, म्हणजे ज्यांचं ते संशोधन, म्हणाल्या, "औषधं आधी उंदरांना देऊन बघू. ज्या औषधानं यांची गाठ आटेल, ते तुमच्या भावाला."

दादा हसला. "म्हणजे माझं आजारपण उंदीर काढणार तर! जरा नीट खायला घाल रे त्यांना, बारक्या."

बोलता बोलता खोकला. त्याची एक सवय होती. दोन कोरडे खोकले, आणि वर आलेलं तो घटकन गिळायचा.

"थुंका की हो बाहेर!" वहिनी दरवेळी ओरडायची. "शी! माणूस आहे की काय!"

औषध सापडलं. एका पिंजऱ्यातल्या गाठी खरंच आटल्या. मी जिने चढत वॉर्डात पळालो. पण दादाची शुद्ध हरपली होती.

उंदीर सुधारले. दादा गेला.

त्याला पोचवून, थोडे दिवस घरी बसून मी कामावर परतलो. दुपारची वेळ. लाल दिवा. पिंजऱ्यांतून नखांची खरखर चालू होती. ती आमच्या खोलीत कधीच थांबत नाही.

त्या दिवशी ती थांबली.

एकदम. सगळ्या पिंजऱ्यांतून.

आणि मग...

दोन कोरडे खोकले.

मग... घटकन काहीतरी गिळल्याचा आवाज.

मी मागे वळून बघितलं. कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत मी उंदराला खोकताना ऐकलेलं नाही. मी आवाजाच्या दिशेनं गेलो. तुलनेसाठी ज्यांना औषध दिलंच नव्हतं, त्या उंदरांचा पिंजरा होता तो. त्यांच्या कुशीवर दादाच्या गाठी बोराएवढ्या झाल्या होत्या. सगळे एकमेकांवर ढीग करून पडले होते. एक तेवढा वेगळा बसला होता. त्याच्या तोंडाला ओलसर, पिवळं काहीतरी लागलं होतं.

मी बघत असताना त्यानं ते गिळलं.

मला तिथेच बेसिनमध्ये उलटी झाली.

रोज तेच होऊ लागलं. शेवटी मी वहिनीला सांगितलं. वाटलं, वेड्यात काढेल. तिनं हातातलं काम खाली ठेवलं.

"आवाज काढून दाखव."

मी काढला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"तेच आहेत," ती म्हणाली. "मेल्यावरही सुटका नाही का रे त्यांची? तुझ्या दादाचं मांस तिथे अजून वाढतंय, आणि तू त्याला दाणे घालतोयस? सोडव त्यांना, भाऊजी. कसंही कर, पण सोडव."

मी मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "प्रयोग संपलाच आहे. ते उंदीर आता मारायचेच आहेत."

"मी मारतो," मी म्हणालो.

आमच्याकडे त्यासाठी काचेची पेटी असते. उंदीर आत ठेवायचे, हळूहळू गॅस सोडायचा. मी एकेकाला शेपटीच्या बुडाशी धरून आत ठेवलं. गाठी माझ्या मनगटाला लागत होत्या. गरम, गुळगुळीत. मनात म्हटलं, दादा, माफ कर, आणि नळ फिरवला.

खोकला सुरू झाला...

एकाचा नाही. सगळ्यांचा. आणि पेटीच्या काचेवर आतून माणसाच्या श्वासासारखी दाट वाफ धरली.

मी नळ बंद केला नाही. डोळे मिटून उभा राहिलो.

हळूहळू सगळं शांत झालं. पुसताना काचेवरची वाफ बोटांना चिकट लागली. शेंबडासारखी.

घरी जाऊन सांगितलं, "वहिनी, सुटला दादा." ती हमसून हमसून रडली. त्या रात्री, कितीतरी दिवसांनी, ती पोटभर जेवली आणि गाढ झोपली.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी मला बोलावलं. खुशीत होत्या.

"तुमच्या भावाची गाठ फार चांगली वाढते हो. अशी क्वचित मिळते. मारण्याआधी मी तुकडे काढून गोठवून ठेवले होते. ते आज नव्या उंदरांत घातलेत."

"आणि हे उंदीर मेल्यावर?"

"यांचे तुकडे पुढच्यांत. असं कितीही वर्षं चालू शकतं." त्या हसल्या. "मारायचं काम तुम्हीच करत जा. तुमचा हात हलका आहे."

वहिनीला मी हे सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू?

नव्या उंदरांच्या कुशीवर अजून गाठ दिसत नाही. खोकलाही नाही. उंदीर माणसाच्या हाताला घाबरतात, हात आत गेला की कोपऱ्यात पळतात. पण आज मी झाकण उघडून हात घातला...

आणि ते सगळे माझ्याकडे आले.

माझ्या बोटांना बिलगून बसले. उघडे, गुलाबी, कोमट. जणू ओळखीचे.

मी हात झटकन मागे घेतला आणि पँटला पुसत राहिलो.

सख्ख्या भावाची मला किळस आली.